हरळी आषाढात लावावी

गवत लावायचं असतं, हे मला लग्न होऊन धाराशिवला येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडं गवत काढायचं असतं. माहेरी तेच आणि सासरी तर त्याहून जास्त. माझे सासरे येरमाळ्याच्या अलीकडच्या एका गावात शेती करायचे. त्यांच्या रानात हरळीची काडी सापडायची नाही, अशी त्यांची आसपासच्या गावांत ख्याती होती. हरळी वर दिसते तेवढीच नसते. वर बोटभर पानं आणि खाली काळ्या मातीत हातभर मुळ्या. मुळीचा नखाएवढा तुकडा मागं राहिला तरी पुढच्या पावसात ती पुन्हा वर येते. मामंजी उन्हाळाभर कुदळ घेऊन रानात असायचे. मुळ्या खणायच्या, वेचायच्या, खडकावर वाळत घालायच्या आणि मग पेटवून द्यायच्या. परक्याच्या बांधावर हरळी दिसली तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. सोयरीक जुळवायला गेले तर आधी त्या घरचं रान बघून यायचे, आणि हरळी दिसली तर चहाला न थांबता परत फिरायचे. माझ्या वडिलांचं रान त्यांनी पास केलं म्हणून मी या घरात आले, असं मी पुढं कितीतरी वर्षं माझ्या नवऱ्याला ऐकवत असे.

अशा बापाच्या मुलाला नोकरी लागली ती हरळी लावायची. याला नशीब म्हणतात.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. कचेऱ्यांतली उर्दू गेली होती, पण लोकांच्या तोंडातली गेली नव्हती. धाराशिवला गावाबाहेर जुन्या अंमलातला एक सरकारी बंगला होता. दौऱ्यावर येणारे अधिकारी तिथं उतरायचे. आमच्या ह्यांना तिथं बागेवर मुकादम म्हणून घेतलं आणि मागच्या बाजूला दोन खोल्या राहायला दिल्या. बंगल्यापुढं मोठी मोकळी जागा होती, मुरमाड आणि भगभगीत. म्हातारा चौकीदार सांगायचा की पूर्वी इथं चमन होतं, म्हणजे गालिच्यासारखी हिरवळ. नव्या साहेबांना ते पुन्हा हवं होतं. साहेब पुण्याकडचे, मितभाषी. त्यांनी ह्यांना बोलावून एवढंच सांगितलं, की हरळी लावा, पण पाऊस जमिनीत मुरल्यावर लावा.

तो महिना माघाचा. विहिरीला पाणी होतं, हाताशी माणसं होती आणि नोकरी नवी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो मला अगदी जवळून बघायला मिळाला. "पाणी हाय तर पाऊस कशाला पायजे?" असं म्हणून ह्यांनी माघातच हरळी लावून टाकली. थंडीनं ती पिवळी पडली, फाल्गुनात तिची वाढ थांबली आणि चैत्राच्या उन्हात सगळी जळाली. साहेब एक दिवस येऊन बघून गेले. रागावले नाहीत. मीच रागावले, कारण तिला पाणी घालून माझे खांदे गेले होते. मी म्हणाले, "हरळी मारायची ही सोपी रीत मामंजींना कळवा, ते बिचारे उगीच कुदळ चालवतात." त्यावर हे माझ्याशी आठ दिवस नीट बोलले नाहीत.

मग आषाढ आला. या वेळी साहेबांनी रीत सांगितली. हरळीच्या मुळ्या धुऊन बोटाच्या पेराएवढ्या कापायच्या. शेण, पोयट्याची गाळमाती आणि पाणी यांत त्या कालवायच्या. तो पातळ राडा भिजलेल्या जमिनीवर ओतायचा आणि हातानं सारखा करायचा. ऐकून मला हसू आलं. हे तर सारवण. कामाला मग गड्यांऐवजी बायाच घेतल्या आणि त्यांत मीही पदर खोचून उतरले. एवढं मोठं अंगण मी जन्मात सारवलं नव्हतं. आभाळ भरलेलं, ऊन नाही, वर बारीक भुरभुर. थोड्याच दिवसांत त्या शेणकाल्यातून बारीक हिरवी टोकं वर आली. श्रावण सरेपर्यंत सगळी जागा झाकून गेली. हे रोज सकाळी उठून तिच्याकडं असे बघत उभे राहायचे, की मला वाटावं, लग्न हिच्याशीच झालंय.

त्याच वर्षी आम्हाला मुलगी झाली. बारशाला मामंजींकडंच राहणारी त्यांची विधवा बहीण आली होती. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांनी पाळण्यात वाकून म्हटलं, "हरळीवाणी फुट गं बाय." आमच्याकडं आशीर्वाद असाच देतात. रानात जिच्या नावानं बोटं मोडायची तिचंच नाव घेऊन घरात लेकराला दुवा द्यायचा. मामंजी लगेच म्हणाले, "घरात फुटू दे, रानात नगं." सगळे हसले.

ती त्या चमनावर वाढली. सकाळचं पाणी घालून झालं, की मी तिला तिथं सोडायची आणि भांडी घासायला बसायची. ती रांगायला शिकली तिथंच आणि उभी राहिली तीही तिथंच, फाटकापासून बंगल्याच्या पायरीपर्यंत जी पट्टी जाते तिच्यावर. तिला फक्त हरळीचीच सवय. मुरमावर ठेवली की एक पाय वर, मग दुसरा पाय वर आणि मग दोन्ही वर घेऊन माझ्या अंगाला लटकायची. मी म्हणायची, "अगं, शेतकऱ्याची नात आहेस, मातीला पाय लागू दे." पण ती पाय काही टेकायची नाही. हे म्हणायचे, "साहेबाची लेक हाय ती, चमनाशिवाय चालायची न्हाय."

ती सव्वा वर्षाची झाली, त्या चैत्रात आम्ही गावी गेलो. येरमाळ्याला येडाईची जत्रा असते. देवीच्या नावानं चुन्याचे खडे वेचायला सगळा मुलूख लोटतो. लेकीला पहिल्यांदाच देवीला न्यायचं होतं. गावात गोवर आलेला होता, ते आम्हाला पोचल्यावर कळलं. जत्रेला जायचं राहूनच गेलं. तिच्या अंगावर गोवर फुलला आणि तसाच आत गेला. कळंबला डॉक्टर होता. मामंजींनी गाडी जुंपली. मी तिला मांडीवर घेऊन गाडीत बसले आणि आम्ही गावाच्या ओढ्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही. भर दुपार होती. मामंजींनी बैल थांबवले, मागं वळून बघितलं आणि गाडी परत फिरवली. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. इतकी वर्षं झाली, तरी येत नाही.

एवढ्या लहान लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. मामंजी, हे आणि भावकीतले एक म्हातारे, असे तिघंच गेले. बायांनी जायचं नसतं. परत आल्यावर कुणी त्याबद्दल बोलतही नाही. लहान लेकराच्या जागेचं नाव काढू नये, अशी आमच्याकडं समजूत आहे. तिसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना न विचारता रानात गेले. घराजवळचं रब्बीचं रान होतं. त्याच्या बांधाला एक कडुलिंबाचं झाड आणि झाडाच्या अलीकडं ती जागा. वर धोंडे रचलेले आणि धोंड्यांवर बाभळीच्या फांद्या, कुत्र्याकोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. चैत्राचं ऊन. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. जिनं कधी साध्या मुरमाला पाय लावला नाही, तिच्या अंगावर काटे. मी तिथं किती वेळ उभी होते, मला माहीत नाही. हे शोधत आले.

मी ह्यांना म्हणाले, "इथं हरळी लावायची."

हे म्हणाले, "लावू."

"आज लावू. उद्या लावू."

ह्यांनी खाली बसून एका भेगेत हात घालून बघितला. मग हळूच म्हणाले, "आत्ता लावली तर जळून जाईल. आषाढ लागू दे."

मला इतका राग आला, की मी ह्यांना नाही नाही ते बोलले. माघात लावताना कुठं गेला होता तुमचा आषाढ, असंसुद्धा बोलले. हे ऐकून घेत उभे राहिले. खरं होतं ते. ह्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, मीही बघितलं होतं. गवत माणसाची सवड बघत नाही. पण आषाढापर्यंत ती काट्यांखाली राहणार, हे मला गिळवत नव्हतं. लोक म्हणायचे, काळ हेच औषध. मला काळ नको होता, मला पाऊस हवा होता.

आम्ही धाराशिवला परत आलो. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. चमनाला मी रोज पाणी घालायची, पण त्याच्यावर पाय ठेवायची नाही. कडेकडेनं चालायची. फाटकापासून पायरीपर्यंतची ती पट्टी ह्यांनी कापणीतून सोडून दिली. बाकीची हरळी विळ्यानं बारीक कापलेली आणि तेवढी पट्टी वाढलेली. पाहुणे विचारायचे, ही अशी का? हे काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. आषाढात जमीन ओली झाल्यावर हे साहेबांकडं गेले आणि ती पट्टी मुळ्यांसकट काढून न्यायची परवानगी मागितली. कशाला, तेही सांगितलं. साहेब म्हणाले, "घेऊन जा." मग स्वतः बाहेर येऊन, ह्यांनी ती खणून काढेपर्यंत व्हरांड्यात उभे राहिले.

एक ओलं पोतं घेऊन आम्ही मोटारीनं गावी आलो. मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोत्याकडं बघितलं. नाकपुड्या फुलल्या. हरळीच्या मुळीचा वास त्यांना मैलावरून यायचा.

"ह्यात काय हाय?"

हे खाली बघायला लागले. बापापुढं ह्यांचं तोंड कधी उघडलं नाही. मीच म्हणाले, "हरळी."

"माझ्या रानात?"

सासऱ्यांपुढं मान वर करून बोलायची आमच्याकडं रीत नव्हती. पण त्या चैत्रापासून माझ्या बऱ्याचशा रीती सुटल्या होत्या. मी म्हणाले, "तुमच्या रानात नाही मामंजी. तिच्या अंगावर."

ते उठून आत गेले. मला वाटलं, आता येत नाहीत. ह्यांनी पोतं उचललंसुद्धा, परत जायला. तेवढ्यात मामंजी बाहेर आले. हातात कुदळ होती, तीच, जन्मभर हरळी खणलेली. "चला," म्हणाले.

रानात गेल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला बसवलं. बाभळीच्या फांद्या ओढून टाकल्या. धोंडे एकेक उचलून ओढ्याच्या उतारावर नेऊन टाकले, गवत सारखं यावं म्हणून. माती वरच्यावर भुसभुशीत केली आणि ढेकळं हातानं फोडली. शेण घरून आणलं होतं, पोयटा ओढ्याचा. मी मुळ्या कापल्या आणि घमेल्यात कालवल्या. भुरभुर चालू होती. मी तो काला ओतला आणि माझ्या हातानं तिचं अंगण सारवलं. दोघंही पुरुष झाडाखाली पाठ करून उभे होते.

निघताना मामंजी म्हणाले, "बांध सोडून आत येऊ द्यायची न्हाय. म्या बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. पावसानं ताण दिला की घागर घेऊन जायचे. एखादा फुटवा रानाच्या बाजूला वळला की खुरप्यानं तेवढाच कापायचे. ज्या माणसानं हरळीचा वंश खणला त्यानं उतारवयात तिला पाणी पाजावं, हे गावानं बघितलं असतं तर हसलं असतं. पण ते सकाळी उजाडताच जाऊन यायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. पोळ्याला आम्ही गावी गेलो तेव्हा ते मला म्हणाले, "जाऊन ये." मी गेले. बांधाला लिंबाच्या अलीकडं हिरवं, दाट, एका पाळण्याएवढं. मी त्यावर हात ठेवला. थंडगार होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट रडू आलं आणि घरी येऊन मी पोटभर जेवले.

भाद्रपदात मामंजींना हिवताप आला. हे नोकरी सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून मी एकटीच गावी जाऊन राहिले. दिवसाआड थंडी वाजून यायची आणि म्हातारा माणूस गोधड्यांखाली लटलट हलायचा. तशात रब्बीची पेर तोंडावर आलेली. रान भुसभुशीत करायला कुळवाच्या पाळ्या घालायच्या राहिलेल्या. एक दिवस शेजारचे शेतकरी येऊन ओट्यावर बसले. त्यांतले एक जरा वयस्क होते, त्यांचं रान आमच्या रानाला लागूनच होतं. ते म्हणाले, "वैनी, काळजी करू नगा. आमी इर्जिक घालतो."

इर्जिक म्हणजे सगळ्यांनी आपापले बैल आणि औत घेऊन एकाच्या रानात उतरायचं आणि दिवसात काम उरकून द्यायचं. त्याचं काही घ्यायचं नसतं. ज्याचं रान, त्यानं रात्रीचं जेवण घालायचं, आणि ते गोडाचं. लेकरू गेलेलं घर, म्हातारा आजारी, मुलगा परगावी. कुणी न सांगता ती माणसं आली, याचं मला तेव्हा इतकं बरं वाटलं, की मी आत जाऊन डोळे पुसले.

इर्जिकीच्या दिवशी आत्याबाई आणि मी पहाटेपासून चुलीपुढं होतो. पुरण शिजलं, वाटलं. रानातून बैलांना दिलेल्या हाका घरापर्यंत ऐकू येत होत्या. मामंजी आत अंथरुणावर पडून त्या ऐकत होते. मधेच विचारायचे, "कुटवर आलं?" मी सांगायची, "मला काय कळतंय मामंजी, मी पोळ्या लाटतेय." त्या दिवशी त्यांना ताप नव्हता. चेहऱ्यावर जरा तजेला होता.

दिवस मावळता मावळता सगळे हातपाय धुऊन अंगणात पंगतीला बसले. मी पोळ्या वाढत होते, आत्याबाई गुळवणी. पहिली पोळी झाल्यावर ते वयस्क शेजारी मान वर करून मोठ्यानं म्हणाले, दारातून आत मामंजींना ऐकू जावं म्हणून:

"तात्या, रान निस्तं आरशावाणी झालंय. आन् एक सांगू का? तुमी आजारी पडलाव तर लगीच हरळीनं डाव साधला बगा. लिंबाजवळ बांधाला ही दाट माजली व्हती. पर आमी हाय न. दोघं जणं दुपारपस्तोर तिथंच कुदळी घिऊन बसलो. मुळासकट काढली. एक तुस न्हाय ठिवलं. तुमच्या रानात हरळी म्हंजे आमालाच लाज."

माझ्या हातात पोळी होती. मी ती कुणाच्या ताटात वाढली, मला आठवत नाही. आत्याबाईंच्या हातातलं गुळवणीचं भांडं तसंच तिरकं राहिलं. मला ओरडायचं होतं. काय ओरडणार होते? ती माणसं दिवसभर आमच्यासाठी घाम गाळून आली होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अशा जागेचं नाव काढू नये म्हणतात, म्हणून आम्हीच कुणी नाव काढलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या मुलखातली माणसं असती, तर हिरवं दिसलं म्हणून सोडून दिलं असतं. आमची होती, म्हणून त्यांनी खणलं. मामंजी अंगानं धड असते आणि शेजाऱ्याचं रान असतं, तर त्यांनीही तेच केलं असतं.

मग मामंजी भिंतीचा आधार घेत दारात आले. अंगावर गोधडी होती. चेहरा राखेसारखा. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली आणि म्हणाले,

"लई बरं केलंत बाबांनो. जेवा पोटभर."

आणि मला म्हणाले, "पोरी, तूप वाढ."

मी तूप वाढलं. सगळ्यांना वाढलं, आग्रह करून वाढलं. ते वयस्क शेजारी नको नको म्हणत असताना त्यांच्या पोळीवर जास्तीचं वाढलं. तेवढं करून मी चुलीपुढं जाऊन बसले आणि आत्याबाईंनी मला जवळ घेतलं. मामंजी भिंतीकडं तोंड करून निजले होते.

सकाळी मी रानात गेले. रान खरंच आरशासारखं झालं होतं. बांध साफ, ताशीव. लिंबाखालपासून पुढं सगळी माती एकसारखी उलथलेली. पलीकडच्या खडकावर हरळीचा ढीग, मुळ्या वर करून, वाळत टाकलेला. कुदळ खोल गेली नसणार, लेक त्याच्या पुष्कळ खाली आहे, असं मला सगळ्यांनी नंतर सांगितलं. मी ते मान्य केलं, कारण दुसरं मान्य करून जगता आलं नसतं.

मागून मामंजी काठी टेकत आले. ताप अंगात असताना आले. लिंबाशी उभे राहून त्यांनी काठीनं दाखवलं, "हितं." मग काठी थोडी डावीकडं नेली. "न्हाय, हितं." मग अजून जरा पुढं. मग त्यांचा हात खाली आला. धोंडे होते तेव्हा त्यांना धोंड्यांवरून जागा कळायची. धोंडे टाकल्यावर हरळीवरून कळायची. आता दोन्ही नव्हतं, आणि मलाही नेमकं सांगता येईना. पुरणाऱ्यांतले ते भावकीतले म्हातारे श्रावणातच गेले होते. ह्यांना विचारून उपयोग नव्हता. हे त्या दिवशी माती लोटताना डोळे मिटूनच होते, असं हेच मला म्हणाले होते.

ढिगातल्या मुळ्या अजून ओल्या होत्या. मी पदरात घेतल्या आणि मग तशाच सोडल्या. पुढं आश्विनाचं ऊन, मग थंडी. लावायचा हंगाम सरला होता. आणि लावायच्या म्हटल्या तरी कुठं?

पुढच्या वर्षी रान मोकळं होतं तेव्हा आषाढात हरळी उगवली. बांधाला नाही. रानाच्या मधोमध, लिंबापासून पुष्कळ लांब. एखादी मुळी कुळवाच्या पात्यात अडकून तिथवर ओढली गेली असणार. तळहाताएवढी होती, भाद्रपदापर्यंत सुपाएवढी झाली. ते वयस्क शेजारी कुदळ घेऊन आले. मामंजींनी त्यांना बांधावरच अडवलं.

"राहू दे."

"अवो तात्या, रान खाऊन टाकील ती."

"राहू दे म्हणलं न."

शेजारी चकित होऊन परत गेले. गावात बोलवा झाली, की म्हातारा भ्रमिष्ट झाला, त्याच्या रानात भर मधोमध हरळी माजली. मामंजींनी कान दिला नाही. औत तिच्या बाजूनं वळवून न्यायचे. चहूकडं ज्वारी आणि मधे ते हिरवं सूप. कडेनं खुरप्यानं कापून तेवढंच ठेवायचे, वाढू द्यायचे नाहीत आणि मरू द्यायचे नाहीत.

मला पुढं दोन मुलं झाली. ती मातीत लोळली, मुरमावर अनवाणी पळाली. मी बघत राहायची. गावी गेले की ज्वारीतून वाट काढत त्या हरळीपाशी जाऊन बसायची. जायला दुसरी जागा नव्हती. एकदा मामंजी तिथं खुरपं घेऊन बसलेले होते. आता पार वाकले होते. मी शेजारी बसले आणि इतक्या वर्षांत जे कुणी बोललं नव्हतं ते बोलून टाकलं.

"मामंजी, ही तिची जागा नाही."

त्यांनी खुरप्याची माती झटकली. "मला ठावं हाय."

बाहेर वळलेला एक फुटवा कापून टाकला. मग ते म्हणाले, "पर हरळी तिचीच हाय न."

धाराशिवच्या त्या पट्टीवरची, जिच्यावर तिनं पाय टेकले होते तीच. माझं समाधान झालं नाही. ती त्याच रानात कुठंतरी उघड्या मातीखाली आहे आणि तिची हरळी दुसरीकडं, एवढंच पुन्हा नीट कळलं. मामंजी कड कापत राहिले. मी चपला काढल्या आणि पाय त्या हरळीवर ठेवले.